‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ : आपण न वाचलेला ग्रंथ

पुण्यात ताडीवाला रोडवरच्या वस्तीत दर रविवारी आमचा एक छोटा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या वर्षी तेथे एका कार्यकर्त्याने बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी सांगितली आणि शेवटी नेहमीचे वाक्य उच्चारले, ‘त्यांच्या रुपयावरील ग्रंथातूनच रिझर्व्ह बँक जन्माला आली.’ टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक मुलगी उठली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सर, पण त्या पुस्तकात नेमकं काय आहे?” मी मराठीचा प्राध्यापक. या ग्रंथाचे नाव मी व्यासपीठावरून किती वेळा घेतले असेल याची गणती नाही. परंतु एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेपलीकडे मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला डाचू लागले. त्यानंतरचे चार महिने मी अर्थशास्त्राच्या एका सहकाऱ्याला सोबत घेऊन तो ग्रंथ वाचून काढला. हे टिपण त्या वाचनातून आले आहे.

हा ग्रंथ आपण का वाचत नाही? प्रस्थापितांनी तो वाचला नाही, हे म्हणणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. पुण्यात भारतीय अर्थविचाराची परंपरा सांगताना वक्ते रानड्यांच्या १८९२ सालच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानापासून सुरुवात करतात, गोखल्यांवर येतात आणि तेथून थेट धनंजयराव गाडगिळांकडे जातात. मध्ये १९२३ साल येतच नाही. याच पुण्याने बाबासाहेबांना १९३९ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे संघराज्याच्या प्रश्नावर बोलावले आणि १९४३ मध्ये रानड्यांच्या जयंतीला बोलावले. दोन्ही व्याख्याने गाजली. दोन्हींचा विषय राजकारणाचा होता. पण आपले काय? आपल्या समीक्षेने, चळवळीने, अभ्यासवर्गांनी हा ग्रंथ कशासाठी वापरला? फोटोखाली लिहिण्याच्या ओळीसाठी. त्यात जात नाही, गावकुस नाही, पाणवठा नाही, म्हणजे तो ‘आपला’ नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले. शिवाय त्यात शिलिंग-पेन्सचे तक्ते आहेत. तक्ते पाहिले की आपण साहित्यिक मंडळी पान उलटतो.

वास्तविक चलनाचा भाव म्हणजे काय हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागत नव्हते. माझे आजोळ उस्मानाबाद जिल्ह्यातले. माझी आजी ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द अखेरपर्यंत वापरीत असे. निजामाच्या राज्यातला रुपया तो हाली आणि इंग्रजी अमलातला रुपया तो कलदार. दोघांचा भाव साधारण सातास सहा होता. म्हणजे शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली रुपये १० आणे ८ पै. हद्द ओलांडून बार्शीच्या बाजारात गेले की हातातल्या हालीला बट्टा लागे. आजी सांगायची, मजुरी हालीत मिळायची, सावकार मात्र कागदावर कलदार लिहायचा, आणि दोहोंमधली तफावत कोणाच्या पदरात पडते हे वस्तीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचे. आजी निरक्षर होती. पण दोन नाण्यांच्या दरम्यान माणूस लुटला जाऊ शकतो, हे तिला पक्के कळत होते. बाबासाहेबांच्या ग्रंथाचा गाभा मला तिच्या या एका वाक्यातून समजू लागला.

तर आता ग्रंथाकडे. लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकांनी तो डिसेंबर १९२३ मध्ये काढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सादर केलेला डी. एस्सी.चा तो प्रबंध. प्रकरणे सात. अर्पणपत्रिका आई-वडिलांच्या स्मृतीला आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या त्यागाचा तीत कृतज्ञ उल्लेख आहे. प्रश्न एकच आहे : इंग्रजांचा पौंड सोन्याचा, हिंदुस्थानचा रुपया चांदीचा, या दोहोंचा मेळ कसा बसला, कसा मोडला, आणि मोडल्यावर सरकारने जी व्यवस्था उभी केली ती कोणाच्या हिताची होती?

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा आणि १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा रुपया सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात सारखा झाला. त्यापूर्वी दर संस्थानाची, दर टांकसाळीची नाणी वेगळी आणि दर सराफाचा बट्टा वेगळा. पुणेकरांना अंकुशी आणि चांदवडी रुपयांची नावे निदान इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात. १८३५ नंतर कितीतरी वर्षे रुपया साधारण २ शिलिंगांच्या आसपास राहिला. १८७१ नंतर जर्मनीने सोने स्वीकारले, फ्रान्स आणि त्याच्या साथीच्या देशांनी चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले, चांदी घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८९२-९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सच्या खाली आला.

यात बिघडले कोणाचे? सरकारचे बिघडले, हे उघड होते. लंडनमध्ये पेन्शने, व्याज, लष्करी सामान यांसाठी सरकारला दरसाल दीड कोटी पौंडांच्या वर रक्कम भरावी लागे. पौंडाला १० रुपये पडत होते तेव्हा दीड कोटी पौंड म्हणजे १५ कोटी रुपये. पौंडाला १६ पडू लागल्यावर तेच २४ कोटी. हे वरचे ९ कोटी कोठून आणायचे? जानेवारी १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. म्हणजे लंडनच्या बाजारात चांदी उतरली आणि दापोलीच्या, साताऱ्याच्या, पुण्याच्या महारवाड्यात कालवणातले मीठ महागले. इकडे गोऱ्या अधिकाऱ्यांनी ओरड केली की आमच्या पगारातून विलायतेत बायकापोरांना पैसे पाठवताना तोटा होतो. त्यांना १८९३ मध्ये विनिमय भरपाई भत्ता मिळाला. अर्ध्या पगारापुरता रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा धरावा, अशी सोय झाली. ज्याच्या ओरडीला कान होते त्याला भरपाई मिळाली. मीठ खाणाऱ्याला भरपाई देण्याची कल्पनाही कोणाच्या डोक्यात आली नसेल. याच सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये तिच्याविरुद्ध अर्ज केला. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. परंतु पेन्शनीवर जगणाऱ्या ज्या महार शिपायांच्या घरात भीमराव वाढले, त्या घरांना भरतीबंदी आणि मिठाचा वाढीव कर ही दोन्ही दुखणी एकाच दशकात भोगावी लागली, एवढे मात्र खरे.

आता बाबासाहेबांची खरी करामत पाहा. घसरत्या रुपयाच्या बाजूनेही बोलणारे लोक होते, आणि ते साधेसुधे नव्हते. त्यांचे म्हणणे असे : रुपया उतरला की निर्यात वाढते. पौंडाचा माल विकला तर पूर्वी १० रुपये हाती येत, आता १५ येतात. मुंबईच्या गिरण्या चालतात. म्हणजे देशाचा फायदा आहे. हा युक्तिवाद स्वदेशीच्या भाषेत मांडला जात असल्यामुळे त्याला विरोध करणारा सहजच सरकारधार्जिणा ठरे. बाबासाहेबांनी वाढ नाकारली नाही. त्यांनी फक्त विचारले की हा फायदा आला कोठून? परदेशातून आला काय? नाही. रुपया उतरला की देशातल्या किमती चढतात; मजुरी मात्र मागून, रखडत, लंगडत येते. मधल्या काळात मालकाच्या हाती जो जादा पैसा राहतो तो मजुराच्या ताटातून आलेला असतो. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला दिलेले ते दान आहे, आणि देणाऱ्याला आपण देत आहोत हे कळतही नाही.

माझ्या मते सगळ्या ग्रंथातले हे सर्वांत मोलाचे स्थळ होय. ‘देशाचा फायदा’ हा शब्द येथे पहिल्यांदा उकलला जातो. देश म्हणजे कोण? गिरणीमालक की गिरणीतला माणूस? पुढे ‘राष्ट्र’, ‘बहुमत’, ‘हिंदू समाज’ या शब्दांना बाबासाहेबांनी जो प्रश्न घातला, तोच त्यांनी आधी पौंड आणि रुपयाच्या दराला घातला होता. त्यांच्या सामाजिक लिखाणाची पद्धत सामाजिक अनुभवातूनच आली, असे आपण समजतो. मला आता असे वाटते की तिचे एक मूळ या शिलिंग-पेन्सच्या तक्त्यांत आहे. कोणतीही व्यवस्था ‘सर्वांच्या हिताची’ म्हणून पुढे आली की तिचा जमाखर्च वर्गवार मांडायचा, ही सवय त्यांना येथे लागलेली दिसते.

या सवयीची परीक्षा १५ डिसेंबर १९२५ रोजी झाली. त्या दिवशी हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. वाद असा होता : रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर बांधायचा की १ शिलिंग ६ पेन्सवर? पहिल्या दराने पौंडाला १५ रुपये, दुसऱ्याने १३ रुपये ५ आणे ४ पै. फरक साडेबारा टक्क्यांचा. पुरुषोत्तमदास ठाकुरदास १ शिलिंग ४ पेन्सच्या बाजूचे. कमिशनच्या अहवालाला त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक मंडळींची सहानुभूती त्यांच्याकडे होती. आता याच महिन्यात मुंबईत काय चालले होते ते पाहा. गिरणीमालकांनी साडेअकरा टक्के मजुरीकपात जाहीर केली होती, त्याविरुद्ध गिरणी कामगार सप्टेंबरपासून संपावर होते, आणि १ डिसेंबरला सरकारने कापडावरील अबकारी कर स्थगित केल्यावरच कपात मागे घेतली गेली. साडेअकरा टक्के उघडपणे कापायला गेले तर लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर येतात. साडेबारा टक्क्यांनी दर उतरवला तर कोणी घोषणासुद्धा देत नाही. बाबासाहेबांनी कमिशनपुढे व्यापारी वर्ग आणि कमावता वर्ग असे दोन भाग स्पष्ट पाडले, आणि उतरत्या दराचे बक्षीस कमावत्या वर्गाच्या खिशातून जाते, हे सांगितले. रुपया फार चढवू नये, पण युद्धपूर्व दरालाही परत जाऊ नये. १ शिलिंग ४ आणि १ शिलिंग ६ यांच्या दरम्यान स्थिर करावा, असा त्यांचा कल होता. १९२७ च्या कायद्याने दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला आणि पौंडाशी रुपयाचे ते नाते १९६६ पर्यंत टिकले.

ग्रंथातला दुसरा मोठा भाग केन्सशी झालेल्या वादाचा आहे. केन्सने १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या सुवर्णविनिमय पद्धतीची तरफदारी केली होती : देशात रुपये आणि नोटा चालवायच्या, सोने लंडनमध्ये ठेवायचे, आणि दर ठरलेल्या ठिकाणी सरकारने धरून ठेवायचा. बाबासाहेबांचा आक्षेप असा की पौंडाशी दर स्थिर राहिला म्हणजे रुपया स्थिर राहिला असे होत नाही. रुपयात धान्य किती येते, कापड किती येते, हे स्थिर हवे. ज्या माणसाला आयुष्यात कधी पौंड पाहायचा नाही त्याच्या दृष्टीने रुपयाची किंमत बाजारात ठरते, लंडनमध्ये नव्हे. आणि रुपये पाडण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याच्यावर मर्यादा नसेल तर तो हवे तेव्हा हवे तितके रुपये पाडील. म्हणून त्यांचा उपाय : टांकसाळ जनतेला बंद आहेच, ती सरकारलाही बंद करा, नवे रुपये पाडू नका, सोन्याचे नाणे चालू द्या. न्यायासाठी हे जोडले पाहिजे की वाढत्या रुपयांकडे बोट दाखवणारे पुण्यातही होते. गोखल्यांनी १९०८ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात महागाईचा संबंध त्यांच्याशी जोडला होता. आणि हेही की बाबासाहेबांचे गुरू कॅनन यांनी प्रस्तावनेतच आपला मतभेद नोंदवला आहे. शिष्याच्या ग्रंथाला मतभेद सांगणारी प्रस्तावना लिहिणारा गुरू आणि ती छापणारा शिष्य, दोघेही मला आवडले. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे हार घालण्याचा समारंभ.

येथे रिझर्व्ह बँकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण चळवळीतले मित्र रागावतील. मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग कमिशनने केली; कायदा १९३४ चा; बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. बाबासाहेबांनी त्या कमिशनपुढे साक्ष दिली, हे खरे. परंतु ‘बँक त्यांनी काढली’ एवढेच म्हणून थांबलो तर त्यांच्या विचाराची आपण उलटापालट करतो. त्यांचा सगळा भर चलन काढणाऱ्याचे हात बांधण्यावर होता. त्या हातांवर त्यांचे नाव गोंदवून आपण मोकळे होतो.

वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पुनःपुन्हा येत राहिली, ती ग्रंथात नाही. १९१९ अखेर रुपया २ शिलिंग ४ पेन्सवर गेला, १९२० च्या फेब्रुवारीत पावणेतीन शिलिंगांच्याही वर. त्याच सुमारास सरकारने २ शिलिंगांचा दर जाहीर केला. तो टिकला नाही. १९२१ मध्ये बाजारभाव सव्वा शिलिंगाच्या आसपास होता, आणि कायद्यात मात्र दोन शिलिंग १९२७ पर्यंत तसेच राहिले. बाबासाहेब जुलै १९२० मध्ये लंडनला निघाले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले ५००० रुपयांचे कर्ज, एवढी त्यांची पुंजी. सरकारी दराने ५००० रुपयांचे ५०० पौंड होतात. सव्वा शिलिंगाच्या दराने ३१२ पौंड १० शिलिंग. म्हणजे रुपयाचा प्रश्न लिहिणारा विद्यार्थी स्वतः त्या प्रश्नाच्या तोंडी होता. पाव आणि चहावर काढलेल्या त्यांच्या दिवसांच्या कथा आपण भक्तिभावाने सांगतो. त्या पावाच्या तुकड्यामागे १९२० ची दरघसरण किती होती हे कोणी पाहिले नाही. ग्रंथात ‘मी’ कोठेच येत नाही, हे विशेष. आज परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी आमच्या वर्गातली पोरे डॉलरचा भाव रोज मोबाइलवर बघतात. त्यांना हा हिशेब सांगितला तेव्हा वर्गात प्रथमच तक्ता समजून घेण्याची घाई दिसली.

आता जे खटकले ते. भक्ताला ते लिहिता येणार नाही. वाचकाने ते लिहिलेच पाहिजे.

पहिली गोष्ट, ग्रंथातला कमावता वर्ग हा रोख मजुरी घेणारा आहे. पण त्या काळचा खेड्यातला महार, मांग, चांभार बलुत्यावर, पेंढीवर, शिळ्या भाकरीवर राबत होता. किमती चढल्याने त्याचे काय झाले? त्याच्या मजुरीला निर्देशांक नाही. दाणे घेणाऱ्याला महागाई वेगळ्या रीतीने लागते. किंबहुना धान्य महागले की मालक बलुते रोखीत बदलू पाहतो आणि तेथे नवीच नाडवणूक सुरू होते. गिरणीतसुद्धा कमावता वर्ग एकसंध नव्हता. विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, तेथली मजुरी चांगली होती, आणि हा प्रश्न पुढे १९२८ च्या संपात स्वतः बाबासाहेबांनीच ऐरणीवर आणला. १९२३ च्या ग्रंथात मात्र वर्ग आहे, वर्गाच्या पोटातली जात नाही. विद्यापीठाच्या चौकटीत ती येऊ शकली नसती, हे मला मान्य आहे. तरी ती नाही हे नमूद करणे भाग आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. किमती चढल्या की श्रमिक भरडला जातो, हे त्यांनी दाखवले. किमती कोसळल्या की काय होते? १९२९ नंतर जगभर मंदी आली. सप्टेंबर १९३१ मध्ये खुद्द इंग्लंडने सोने सोडले आणि रुपया पौंडाच्या दावणीला राहिला. शेतमालाचे भाव पडले, कर्जाचा आकडा तेवढाच राहिला, आणि खेड्यापाड्यांतून दागिने मोडून सोने बोटींनी विलायतेला गेले. ज्या घरात मोडायला दागिना नव्हता त्या घरात काम गेले. स्थिर, ताठ रुपया ज्याला काम आहे त्याच्या बाजूचा असतो. ज्याच्या हातचे कामच सुटले आहे त्याला त्याचा उपयोग काय? ग्रंथातल्या सुवर्णचलनाच्या योजनेला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. माझा सहकारी यावर माझ्याशी भांडला. त्याचे म्हणणे, १९२३ च्या लेखकाला १९३१ चा जाब विचारू नये. असेल. पण ६ जून १९६६ ला डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला, जुलै १९९१ मध्ये पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, आणि दोन्ही वेळी ‘निर्यात वाढेल, देशाचा फायदा होईल’ हेच वाक्य ऐकू आले. त्या वाक्याला काय विचारायचे हे ग्रंथ शिकवतो. त्यानंतर काय करायचे, हे तो पुरते शिकवत नाही.

बाबासाहेबांना हे अपुरेपण जाणवत नसेल असे नाही. १९४७ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’ या नावाने निघाली. तिच्यावर ‘खंड पहिला’ असे छापले होते. १९२३ नंतरचा सगळा इतिहास, म्हणजे १ शिलिंग ६ पेन्सचा कायदा, मंदी, सोन्याची निर्यात, रिझर्व्ह बँक, हा दुसऱ्या खंडात यायचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कायदेमंत्री झाले, पाठोपाठ राज्यघटनेचे काम आले, आणि दुसरा खंड कधीच लिहिला गेला नाही. वसंत मून यांनी संपादित केलेल्या शासकीय ग्रंथमालेत १९८९ साली सहावा खंड निघाला, त्यात जे आहे ते पहिल्या खंडापुरतेच.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी सहावा खंड दिला आहे. ती सध्या तिसऱ्या प्रकरणात आहे आणि समासात पेन्सिलीने रुपयांचे पौंड करीत असते.